आधी उसवायला शिकवा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या फलकांवर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहणं, बुद्धिबळ, रोबोटिक्स यांच्या जोडीला आता क्रोशे, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच हुकाने दोरा विणणं, हेही दिसतं. दोन तासांत स्वतः विणलेला ऑक्टोपस घरी न्या, असं त्यात आश्वासन असतं. मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते, मोबाइल सुटेल, एकाग्रता वाढेल, गणित सुधारेल. दुसरी म्हणते, आजीच्या डब्यातला हुक पोरींच्या हातात पुन्हा कशाला, त्या वेळात कोडिंग शिकू द्या. दोन्हीकडची माणसं कळकळीने बोलतात, पण दोघांचं लक्ष भलतीकडे आहे. क्रोशे कशासाठी शिकवायचं यावर तावातावाने बोललं जातं. त्या दोन तासांत मुलाच्या हातून नेमकं काय घडतं, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा घडतं ते असं: ऑक्टोपसचं डोकं शिकवणाऱ्या ताईंनी आधीच विणून आणलेलं असतं, मूल दोन-तीन पाय कसेबसे ओढतं, उरलेले ताई पूर्ण करतात, डोळे चिकटवले जातात, फोटो निघतो.

माझं म्हणणं सरळ आहे. क्रोशे या शहरातल्या प्रत्येक मुलाला शिकवावं, मुलगा असो वा मुलगी, साधारण आठव्या वर्षाच्या पुढेमागे. पण ते शिकवलं गेलं की नाही हे त्याने घरी काय नेलं यावरून ठरवू नये. आपण विणलेलं चुकलंय हे त्याला स्वतःला दिसतं का, कुठे चुकलं हे बोट ठेवून दाखवता येतं का आणि तेवढंच उसवून पुन्हा विणता येतं का, या तीन प्रश्नांवरून ठरवावं. ज्या मुलाला उसवता येत नाही त्याला विणता येत नाही. त्याच्या हातात ऑक्टोपस असला तरीही.

हे माप क्रोशालाच का लावायचं? कारण या कामाची घडणच तशी आहे. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी वीस-पंचवीस फास सुईवर उघडे असतात. त्यातला एक निसटला की खालच्या ओळींतून शिडीसारखा सुटत जातो, आणि मूल घाबरून ते काम मोठ्यांच्या हातात देतं. भरतकामातला चुकलेला टाका कापून काढावा लागतो, कापडावर भोकं राहतात. कातरलेला कागद पुन्हा जुळत नाही. क्रोशात एक टाका संपून दुसरा सुरू होण्याआधी हुकावर एकच फास उघडा असतो. हुक काढा, दोरा ओढा, चार टाके सुटतील. तिथे थांबा, फासात हुक घाला, पुढे चला. दोरा जसाच्या तसा हातात परत येतो, जरा कुरळा झालेला, एवढाच काय तो फरक. चुकण्याची किंमत इतकी कमी असलेलं दुसरं काम मुलांच्या दिवसात कुठलं आहे? वहीत चूक झाली की लाल शाई उमटते आणि वर्षभर तिथेच बसते. परीक्षेत चूक झाली की गुण जातो आणि परत येत नाही. इथे चूक दुरुस्त झाली की तिचा मागमूसही राहत नाही, आणि ती दुरुस्त केली कुणी, तर ज्याने केली त्यानेच.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. पहिला, फायद्यांचे दावे फुगवलेले आहेत, हा. तो मान्यच करायला हवा. चार तास क्रोशे केलं आणि गणिताचे गुण वाढले, ही पी हळद अन् हो गोरी झाली. मोबाइल सुटण्याचंही तसंच. अर्धी मुलं क्रोशे मोबाइलवर बघूनच शिकू पाहतात. पण दावा फुगवलेला आहे म्हणजे आत काहीच नाही असं होत नाही. मुक्या खांबांचं, म्हणजे क्रोशातल्या बुटक्या टाक्यांचं, सपाट वर्तुळ विणायचं असेल तर पहिल्या फेरीत ६ टाके, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४ लागतात. दर फेरीला सहाची वाढ. उंच खांबांचं वर्तुळ हवं असेल तर सुरुवातच १२ ने होते आणि वाढही बाराची. कारण खांब उंच, म्हणून फेरी केंद्रापासून जास्त लांब जाते आणि तिचा घेर भरायला जास्त टाके लागतात. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर कडेला झालर येते. हीच झालर मुद्दाम वाढवत नेऊन कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हायपरबोलिक भूमितीचं, म्हणजे कडेकडे सतत जास्त पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाच्या भूमितीचं, प्रतल विणलं. कागदाच्या प्रतिकृती हाताळताना फाटत. विणलेलं प्रतल विद्यार्थ्यांना हवं तसं दुमडून बघता आलं. यावरून क्रोशे करणारं मूल गणितज्ञ होईल असं अजिबात ठरत नाही. एवढंच ठरतं की 'माझं वर्तुळ वाटीसारखं का झालं?' या प्रश्नाचं उत्तर मोजूनच मिळतं, आणि ते मोजायला कुणी सांगावं लागत नाही.

दुसरा मुद्दा खरा जड आहे. सुईदोरा हे मुलींना शाळेबाहेर किंवा शाळेत असूनही शिक्षणाबाहेर ठेवण्याचं हत्यार होतं. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, सुरू झालं. तिथे मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवण्याला विरोध करणाऱ्यांत लोकमान्य टिळकांची वृत्तपत्रं आघाडीवर होती. मुलींना घरकामाचं आणि शिवणटिपणाचं शिक्षण पुरे, असा त्या बाजूचा सूर होता. पुढच्या तीन-चार पिढ्यांत क्रोशाचे रुमाल रुखवतात मांडले गेले. ते बघून कुणी त्या मुलीच्या बुद्धीचं मोल केलं नाही. मुलगी कामसू आहे, मान खाली घालून बसू शकते, एवढंच त्यातून वाचलं गेलं. आंध्रातल्या नरसापूरची गोष्ट याहून कठोर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे क्रोशाची लेस शिकवली, ती परदेशी जाऊ लागली, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या कारागीर बायकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की दिवसचे दिवस लेस विणणारी बाई कामगार म्हणून मोजलीच जात नाही. ती गृहिणी, आणि तिचं काम म्हणजे फावल्या वेळातला उद्योग. एक बाई फुलं विणते, दुसरी ती जोडते, विकतो तिसराच.

हे सगळं खरं असताना क्रोशे शिकवा म्हणायचं कसं? उत्तर याच मुंबईतल्या आरीकामाच्या कारखान्यांत आहे. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून, टोकाला आकडा असलेल्या आरीने साखळी टाका घालणारे कारागीर बहुतांशी पुरुष आहेत. आरी आणि क्रोशाचा हुक ही सख्खी भावंडं. पूर्वेकडचं हे आकड्याचं भरतकाम अठराव्या शतकात युरोपात गेलं, खालचं कापड गळून पडलं आणि हवेतल्या हवेत विणण्याची रीत आली, असं क्रोशाचं एक मूळ सांगितलं जातं. म्हणजे आकडा तोच, साखळी तीच. मजुरीसाठी कारखान्यात बसून केली तेव्हा ती पुरुषाची कारागिरी झाली. घरात बसून, फुकट किंवा कवडीमोलाने केली तेव्हा बायकी झाली. हुकाला लिंग नाही, मजुरीला आहे. मग अन्याय हुकाने केला की वाटणीने? वाटणी मोडायची तर मुलींच्या हातातून हुक काढून घेऊन काही साधणार नाही, तो मुलांच्याही हातात द्यायला हवा. रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर १९१९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळेत मुलगे आणि मुली एकाच बाकावर बसून विणायला शिकले. आजही त्या परंपरेतल्या शाळांत विणकाम पहिल्या आणि क्रोशे साधारण दुसऱ्या इयत्तेत येतं, सगळ्यांना. आपल्याकडच्या शिबिराच्या जाहिरातीत मात्र गुलाबी रंग आणि मुलीचाच फोटो असतो. ही चूक क्रोशाची नव्हे, जाहिरात करणाऱ्याची आहे, आणि ती आजच्या आज सुधारता येते.

शिवाय विणता येणाऱ्याला वस्तूची खरी किंमत कळते. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते; पण दुकानात मिळणारं खरं क्रोशे हातानेच झालेलं असतं, ते करणारं यंत्र कारखान्यांत रुळलेलं नाही. तळहाताएवढा चौकोन विणायला अर्धा तास लागतो हे ज्या मुलाने अनुभवलंय, ते रस्त्यावर दीडशे रुपयांना टांगलेला क्रोशाचा टॉप बघून विचारेल की यात विणणाऱ्याला किती मिळाले. नरसापूरच्या बाईला 'फावल्या वेळातली' म्हणणं अशा मुलाला जड जाईल.

तिसरा मुद्दा शाळेचा. हस्तकला शाळेत शिरली की तिचं वाटोळं होतं, असं अनुभवी शिक्षकच सांगतात, आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली: शिक्षण हातकामाभोवती गुंफावं, आणि त्या कामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा. पहिली अर्धी कल्पना मोठी होती, दुसऱ्या अर्धीत धोका होता. तो या योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीने आपल्या अहवालातच ओळखला होता: आर्थिक बाजूवर भर दिला गेला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण मागे पडेल. पुढे अनेक ठिकाणी टकळी हा विधी झाला. सूत किती निघालं हे मोजलं गेलं, ते तुटलं का हे विचारलं गेलं नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव सुचवला, तोही आपल्या शाळांत आला, आणि त्याचं काय झालं हे मुंबईतल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे: रात्री नऊ वाजता स्टेशनरीच्या दुकानातून तयार तोरण आणायचं आणि सकाळी मुलाच्या नावाची चिठ्ठी लावायची. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना म्हणून सुचवले आहेत, त्या दहा दिवसांचंही हेच होऊ शकतं. पण नीट बघितलं तर आधीच्या दोन्ही वेळा एकच गोष्ट बिघडली. वस्तू मोजली गेली. वस्तूच मोजायची असेल तर ती कुणीही केली तरी चालते, आईने केली तर उलट बरीच होते. उसवून पुन्हा विणणं मात्र दुकानातून आणता येत नाही.

म्हणून आता 'कसं' याकडे यायला हवं, कारण क्रोशे शिकवणारेच ही संधी पहिल्या दिवशी घालवतात. सामानापासून सुरुवात करू. मराठी घरात क्रोशे म्हटलं की स्टीलचा बारीक हुक आणि रुमालाचा बारीक दोरा बाहेर निघतो. तो हुक जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा असतो. मुलाला त्यातला टाका दिसतही नाही, मग तो चुकला हे कसं दिसणार? सुरुवातीला ५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा किंवा लाकडी हुक आणि जाड सुती दोरा घ्यावा. पन्नास ग्रॅमचा एक गुंडा पहिल्या आठ-दहा बैठकांना पुरून उरतो, कारण तोच दोरा पुन्हा पुन्हा उसवून वापरायचा आहे. रंग फिका आणि एकच: पिवळा, आकाशी, पोपटी. काळ्या-निळ्यात टाके बुडतात आणि शेडेड दोऱ्यात रंग बदलतो तिथे मुलाला टाका बदलल्यासारखा वाटतो. स्वस्त ॲक्रिलिक लोकर मुंबईच्या दमट हवेत घामेजल्या बोटांना चिकटते आणि हुकावर अडखळते. सुती दोरा घाम शोषतो, शिवाय ताणला जात नसल्यामुळे टाक्याचा आकार स्पष्ट ठेवतो. सध्या खेळण्यांसाठी मखमली दोऱ्याची फॅशन आहे. दिसायला गोड, शिकायला सर्वांत वाईट. त्यात टाके बघायचे नसून चाचपायचे असतात, आणि दोन-तीनदा उसवलं की त्याचा केस झडून आतला नुसता धागा उरतो. जो दोरा उसवू देत नाही तो नवशिक्याच्या हातात देऊ नये, हा नियम पुरेसा आहे.

पहिल्या बैठकीत हुक नकोच. सरकगाठ मारायला शिकवावी आणि बोटांनीच साखळी ओढायला लावावी: फासातून दोरा ओढला की नवा फास, त्यातून पुन्हा ओढला की पुढचा. हातभर साखळी झाली की शेवटच्या फासातून बोट काढायला सांगावं आणि दोरा ओढायला लावावा. सर्रकन सगळी साखळी सुटते. मुलं हसतात आणि पुन्हा करतात. दहा मिनिटांपूर्वी जे केलं ते मोडलं, आणि काही बिघडलं नाही, हे त्यांना त्याच दिवशी कळलेलं असतं. यापेक्षा महत्त्वाचा धडा पुढच्या दोन महिन्यांत येत नाही.

मग हुक. तो पेन्सिलसारखा धरावा की सुरीसारखा यावर मोठी माणसं भांडतात; मुलाला जसा जमेल तसा धरू द्यावा. खरा प्रश्न घट्टपणाचा आहे. जवळजवळ प्रत्येक मूल फास आवळतं, कारण तो निसटेल अशी भीती असते. आवळलेल्या फासात पुढच्या ओळीत हुक शिरत नाही, मग मूल जोर लावतं, दोरा फाकतो, बोट दुखतं आणि 'मला येत नाही' सुरू होतं. 'सैल धर' असं शंभरदा सांगून काही होत नाही, कारण फासाचं माप हुकाच्या कुठल्या भागावर ठरतं हेच त्याला माहीत नसतं. आकड्याजवळची मान निमुळती असते, मागचा दांडा जाड. प्रत्येक साखळीनंतर फास दांड्यावर सरकवायला लावावा. फास दांड्याइतका होतो आणि तेवढाच राहतो. डाव्या तर्जनीवरून दोरा सोडणं बऱ्याच मुलांना पहिल्या आठवड्यात जमत नाही. ती दरवेळी उजव्या हाताने दोरा उचलून हुकाभोवती टाकतात. टाकू द्यावं. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट फासाच्या लगेच खाली चिमटीत धरतात की नाही, एवढंच बघावं. ती चिमूट दूर गेली की काम लोंबतं आणि टाका वाकडा होतो.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण चुकीची घेतात. साखळी झाली की लगेच तिच्यात पहिली ओळ विणायला सांगतात. क्रोशातली सर्वांत अवघड ओळ तीच आहे. साखळी पिळवटते, तिच्या प्रत्येक कडीला समोर दोन आणि मागे एक असे तीन धागे असतात, हुक कुठे घालायचा ते कळत नाही, आणि धरायला खाली काही नसतं. अनुभवी हातालाही कंटाळा आणणारी ही ओळ नवशिक्याला पहिल्याच दिवशी का द्यायची? शिकवणाऱ्याने बारा टाक्यांच्या दोन ओळी आधी विणून द्याव्यात, मुलाने तिसरीपासून सुरू करावं. याला कुणी फसवणूक म्हणेल. पण अक्षरं शिकवताना आपण गिरवायला देतोच ना? फरक एवढाच की गिरवायला दिलेल्या ओळी आधी दिल्या आहेत हे उघड असतं, ऑक्टोपसचं डोकं कुणी विणलं हे लपवलेलं असतं. चार-पाच बैठकांनी हात स्थिर झाला की साखळीतली पहिली ओळ मूल स्वतः विणतं.

मुका खांब म्हणजे: खालच्या टाक्याच्या माथ्यावर दोन धाग्यांचं आडवं पान दिसतं, त्या दोन्ही धाग्यांखालून हुक घालायचा, दोरा घेऊन बाहेर काढायचा, हुकावर दोन फास होतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून ओढायचा. ओळ संपली की एक साखळी घालून काम उलटायचं. इथे मराठी शब्दांचा एक मोठा फायदा आहे, आणि तो आपण विनाकारण सोडून देतो. अमेरिकन व्हिडिओत ज्याला सिंगल म्हणतात त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल म्हणतात. मूल एकीकडे बघून दुसरीकडचा नमुना विणतं आणि रुमाल भलत्याच मापाचा होतो. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही नावं दिसतं ते सांगतात आणि कुठल्याही देशात गोंधळ करत नाहीत.

आणि मग ती प्रसिद्ध चूक होते. बारा टाक्यांचा चौकोन वर जाता जाता त्रिकोण होतो. मूल ओळीच्या शेवटचा टाका सोडतं, कारण तो कडेला वळून लपलेला असतो. किंवा उलटल्यावर पहिला टाका सोडून दुसऱ्यात सुरुवात करतं. बारा, अकरा, दहा. उलट काही मुलं उलटण्याच्या साखळीतही एक टाका घालतात आणि चौकोन पंख्यासारखा पसरतो. उपाय सोपा: प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात छोटी सेफ्टी पिन, आणि ओळ संपली की मोजून कागदावर आकडा. मोजायची ती माथ्यावरची पानं. हुकावरचा फास मोजायचा नाही. पण उपाय सांगण्याआधी थांबावं. त्रिकोण होऊ द्यावा. तो झाल्यावर मुलाला विचारावं, कुठल्या ओळीपासून अरुंद झाला? मूल खालून वर मोजत जातं, चौथ्या ओळीत अकरा सापडतात, आणि तिथपर्यंत उसवणं त्याला शिक्षा वाटत नाही. ताईंनी हातातून घेऊन चार टाके दुरुस्त करून परत दिले असते तर चौकोन झाला असता, पण त्रिकोण का झाला हे ताईंनाच माहीत राहिलं असतं. शिकवणाऱ्याने स्वतःचा हुक आणि स्वतःचा दोरा घेऊन बसावं आणि मुलाच्या कामाला हात लावू नये. जमायला कठीण आहे, हात शिवशिवतात. तरीही.

दोरा फाकणं ही दुसरी नेहमीची तक्रार. हुक दोऱ्याच्या मधोमध शिरतो आणि अर्धेच पदर ओढले जातात. अशा वेळी दोऱ्याचं टोक उलगडून पदर आणि पीळ दाखवावा. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाल्यापासून या शहराच्या कित्येक पिढ्या सुतावर जगल्या, १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून विझल्या, आणि आता गिरणगावातल्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलाला दोरा हा पीळ दिलेल्या पदरांचा असतो हे कुणी दाखवलेलं नसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

डाव्या हाताच्या मुलाचं काय? दहात एखादं तरी असतंच. त्याला उजव्याने करायला लावू नये. त्याने शिकवणाऱ्याच्या समोर, आरशात बघितल्यासारखं बसावं. उजव्या हाताची मुलं शेजारी बसतात, त्यांना समोरून दिसलेलं उलटं वाटतं. डाव्या हाताची ओळ डावीकडून उजवीकडे जाते, बाकी सगळं तेच.

चौकोन जमला की खांब, आणि खांब जमला की तीन-तीन खांबांच्या गुच्छांचा, चार कोपरे असलेला चौकोन घ्यावा. त्यात हुक टाक्यात न घालता गुच्छांमधल्या मोकळ्या जागेत घालायचा असतो, म्हणून तो दिसायला अवघड आणि करायला सोपा आहे. असे दोन चौकोन जोडले की चिल्लर ठेवायची पिशवी होते, आणि पंधरा मुलांचे जोडले की वर्गाच्या दाराचं तोरण. भरीव खेळणी त्यानंतरची. ती मुद्दाम बारीक हुकाने घट्ट विणतात, म्हणजे आतला कापूस दिसू नये; फेऱ्या गोल गोल चढत जातात, कुठे संपली हे खुणेच्या पिनेशिवाय कळत नाही, आणि मोजणीत एक टाका चुकला तर डोकं एका बाजूला झुकतं. जे सर्वांत शेवटी यायचं ते शिबिरात सर्वांत आधी आणलं जातं, कारण फोटो त्याचाच चांगला येतो.

मग व्हिडिओ का पुरत नाहीत? ते पुष्कळ प्रमाणात पुरतात, हे मान्य करावं. थांबवता येतात, दहादा बघता येतात, ताईंसारखे वैतागत नाहीत. मोठ्या माणसांनी त्यावरूनच शिकावं. पण व्हिडिओ बरोबर टाका दाखवतो. मुलाने घातलेला टाका त्याला दिसत नाही. तुझी चिमूट खाली सरकली आहे, हे सांगायला शेजारी कुणीतरी लागतं.

आणि शेजारी बसणारी माणसं आणायची कुठून, हा सर्वांत व्यवहारी आक्षेप आहे. मुंबईतल्या कित्येक वर्गांत पन्नास मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, बाई एक. एकटी बाई पन्नास नवशिक्यांना क्रोशे शिकवू शकत नाही, हे निर्विवाद आहे. सात-आठांवर एक जाणता हात लागतो. पण तो हात मोठ्याचाच असायला हवा असं कुणी सांगितलं? आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला शिकवत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या पाद्र्याने तीच रीत आपल्या अनाथालयात वापरली आणि पुढे ती इंग्लंडभर नेली. तिथे तिचं घोकंपट्टीचं यंत्र झालं. क्रोशाला मात्र ती रीत शोभते. सहावीतल्या सात मुलांना आधी दोन महिने शिकवावं आणि मग एकेकाला चौथीतल्या सात जणांच्या गटात बसवावं. ज्या मुलाने गेल्याच महिन्यात त्रिकोण केला होता त्याला त्रिकोण कुठे सुरू होतो हे बाईंपेक्षा लवकर दिसतं. आठवड्यातून दोनदा तीस मिनिटं पुरतात. त्याहून लांब बैठकीत लहान बोटं आखडतात आणि टाके पुन्हा आवळायला लागतात.

राहिलं शाळेचं प्रदर्शन. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या आसपास हॉलमध्ये टेबलं लागतील, पाहुणे येतील. टेबलावर सुबक बाहुल्यांची रांग लावू नये. मुलांना त्यांच्या अर्धवट चौकोनांसह बसवावं, हुक हातात, दोरा गुंड्याला जोडलेला. चौकोन वाकडे असले तरी चालतील. पाहुण्यांनी एखाद्याजवळ जावं आणि म्हणावं, 'या दोन ओळी उसव आणि पुन्हा विणून दाखव.' मूल हुक काढेल, दोरा ओढेल, थांबायचं तिथे थांबेल आणि बारा मोजेल.